क्लॅटस्किन ट्यूमर: आधी स्टेंट की थेट ऑपरेशन? आणि त्यासाठी अर्ध्याहून जास्त लिव्हर का काढावं लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठीच्या पुढचे गृहस्थ, तीन आठवडे वाढत चाललेली कावीळ, पोटात दुखत नाही, अंगाला रात्रभर खाज, शौचाचा रंग पांढुरका, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं मोजमाप) १८. सोनोग्राफीत लिव्हरच्या आतल्या पित्तनलिका फुगलेल्या, पित्ताशय मात्र रिकामं. एमआरसीपीचा, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयचा रिपोर्ट: 'बिस्मथ ३-ए, क्लॅटस्किन ट्यूमरची शक्यता', म्हणजे पित्तनलिकांच्या संगमावरच्या कॅन्सरचा संशय. एक डॉक्टर म्हणतात उद्याच स्टेंट (तुंबलेलं पित्त वाहतं करणारी बारीक नळी) टाका, दुसरे म्हणतात स्टेंटला हात लावू नका, तिसरे म्हणतात आधी बायोप्सी. आणि कॅन्सर सिद्धच झालेला नसताना अर्धं लिव्हर काढायला 'हो' कसं म्हणायचं?

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण क्रम चुकला तर नुकसान होतं. या आजारात ऑपरेशन जमणार की नाही, आणि झालं तर रुग्ण त्यातून नीट बाहेर पडणार की नाही, याचा बराचसा निकाल ऑपरेशनच्या आधीच्या चार-सहा आठवड्यांत लागतो. म्हणून उत्तरात त्या आठवड्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी जागा समजून घ्या. लिव्हरच्या उजव्या आणि डाव्या भागातून एकेक पित्तनलिका बाहेर येते आणि लिव्हरच्या दाराशी त्या दोन्ही मिळून एक होतात. या संगमावर होणारा कॅन्सर म्हणजे क्लॅटस्किन ट्यूमर. जेराल्ड क्लॅटस्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६५ मध्ये अशा १३ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. गाठ अनेकदा दोन-तीन सेंटिमीटरचीच असते. अडचण तिच्या शेजाऱ्यांची आहे. संगमाच्या मागे पोर्टल व्हेन (आतड्याकडचं रक्त लिव्हरला आणणारी मोठी शीर) दुभागते, आणि लिव्हरच्या उजव्या भागाला रक्त देणारी धमनी बहुतेकांमध्ये मुख्य पित्तनलिकेच्या अगदी मागून जाते. शिवाय हा कॅन्सर नळीच्या भिंतीतून आणि नसांच्या कडेने दिसतो त्यापेक्षा पुढे सरकलेला असतो. म्हणून निव्वळ गाठ कापून नळी जोडता येत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या कडेपलीकडे किमान १ सेंटिमीटर, आणि आतल्या अस्तरावरून पसरणाऱ्या प्रकारात २ सेंटिमीटरपर्यंत निरोगी नळी मिळवायची तर त्या बाजूचं लिव्हर घेऊनच बाहेर यावं लागतं.

'बिस्मथ' ही गाठ कुठवर पसरली ते सांगणारी वर्गवारी आहे. त्यात '३-ए' चा अर्थ इतकाच की गाठ संगमापासून उजव्या नळीच्या फांद्यांपर्यंत शिरली आहे आणि डावी नळी त्यामानाने मोकळी आहे. ३-बी म्हणजे हेच डावीकडे. टाइप १ संगमाच्या खाली, २ संगमावर, ४ दोन्हीकडे. पण नुसत्या या आकड्यावरून ऑपरेशनचा निर्णय होत नाही, कारण त्यात रक्तवाहिन्यांचा आणि लिव्हरच्या आकाराचा उल्लेखच नाही. रिपोर्टमध्ये आणखी तीन गोष्टी शोधा: पोर्टल व्हेनची कोणती फांदी वेढली गेली आहे, डाव्या धमनीचं काय, आणि लिव्हरचा एखादा भाग आक्रसला आहे का. उजवा भाग आक्रसलेला असेल तर ते एका अर्थी चांगलं, कारण डावा भाग आधीच वाढलेला असतो. उजवा आक्रसलेला आणि गाठ मात्र डाव्या पोर्टल फांदीला चिकटलेली, असं असेल तर ऑपरेशनचा मार्ग जवळपास बंद होतो.

आता स्टेंट. स्टेंट टाकण्याआधी शिरेतून डाय देऊन तिन्ही टप्प्यांचा, पातळ कापांचा सीटी स्कॅन आणि एमआरसीपी झालेच पाहिजेत. स्टेंट पडला की नळीची भिंत सुजते, फुगलेल्या नळ्या बसतात, आणि गाठ कुठे संपते नि सूज कुठे सुरू होते हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. एमआरसीपी झाली आहे म्हणता. सीटी राहिला असेल तर तो उद्या, स्टेंट परवा. बिलिरुबिन १८ असताना एक दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. अपवाद एकच: थंडी वाजून ताप आला असेल, रक्तदाब उतरत असेल, तर ते नळ्यांतलं इन्फेक्शन आहे. तेव्हा पित्ताला वाट करून देणं त्याच दिवशी, बाकी सगळं नंतर.

'स्टेंटला हात लावू नका' हे कधी खरं? बिलिरुबिन कमी आहे, इन्फेक्शन नाही आणि मागे राहणारा भाग भरपूर मोठा आहे, तेव्हा. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत उजवं लिव्हर काढावं लागणार, डावीकडचा लहान भाग राहणार, आणि तोही पित्ताने तुंबलेला. तुंबलेलं लिव्हर वाढत नाही आणि मोठ्या ऑपरेशननंतर काम सोडतं. तेव्हा इथे पित्त काढायलाच हवं. मात्र कोणत्या बाजूचं, हे आधी ठरलेलं असावं: जो भाग मागे ठेवायचा त्याचं. म्हणजे तुमच्याकडे डावीकडचं. उजवीकडे नळी टाकून कावीळ उतरवली तर आकडा खाली येईल, पण उपयोगाचा भाग तुंबलेलाच राहील. हे इतकं साधं असूनही चुकतं, कारण स्टेंट टाकणारे आणि ऑपरेशन करणारे वेगळे असतात आणि स्टेंटच्या दिवशी त्यांचं बोलणं झालेलं नसतं. एन्डोस्कोपीच्या टेबलावर जाण्याआधी सर्जनचं मत लेखी घ्या.

स्टेंट तोंडावाटे दुर्बीण घालून टाकायचा (ईआरसीपी) की पोटावरून लिव्हरमध्ये सुई घालून पित्त काढायचं (पीटीबीडी), यावर वाद आहे. नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर ही तुलना सुरू होती, ती पीटीबीडीच्या गटात मृत्यू जास्त होऊ लागल्याने मध्येच थांबवावी लागली. निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्यावरून पीटीबीडी वाईट असं मी म्हणणार नाही. वरच्या फांद्यांपर्यंत गेलेल्या गाठीत ईआरसीपीने नेमक्या नळीत पोचणं कठीण जातं आणि तिथे अनुभवी हाताने केलेली पीटीबीडीच बरी. दोन नियम मात्र दोन्हींना लागू आहेत. ज्या नळ्यांत स्टेंट टाकणार नाही त्यांत डाय (एक्स-रेत नळ्या दिसाव्यात म्हणून सोडलेलं द्रव्य) भरू नये, कारण डाय अडकलेल्या जागी काही दिवसांतच इन्फेक्शन होतं. आणि ऑपरेशनची शक्यता असेपर्यंत धातूचा स्टेंट नको, प्लास्टिकचाच. धातूची जाळी नळीच्या भिंतीत रुतून बसते आणि मग कापायला नि जोडायला स्वच्छ कडा राहत नाही.

बायोप्सीचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं. पण ईआरसीपीत ब्रशने घेतलेल्या नमुन्यात कॅन्सर असूनही निम्म्याच्या आसपास रुग्णांत पेशी सापडत नाहीत, कारण गाठीत पेशी थोड्या आणि चिवट तंतू फार. त्यामुळे 'निगेटिव्ह' रिपोर्टवर विसंबून थांबायचं नसतं. पोटावरून किंवा एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडने थेट गाठीत सुई घालण्याला आम्हा सर्जनांचा विरोध असतो. पेशी पोटात सांडू शकतात, आणि ट्रान्सप्लांटच्या नियमांत अशी सुई टोचलेला रुग्ण बाद धरला जातो. अर्थात केमोच द्यायचं ठरलं तर पुरावा हवाच, तेव्हा सुई चालते.

म्हणजे पुराव्याशिवाय ऑपरेशन? बरेचदा होय, पण कॅन्सरचं सोंग घेणारे आजार शोधून झाल्यावर. आयजीजी-४ नावाच्या आजारात नळ्या अशाच आवळल्या जातात आणि तो स्टेरॉइडने बरा होतो. रक्तातली आयजीजी-४ पातळी एका साध्या तपासणीत कळते, ती आधीच करून घ्या. स्वादुपिंडही सुजलेलं दिसत असेल तर हा संशय बळावतो. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा बाहेरून नळी दाबतो. टीबीच्या गाठीही दाबतात. आपल्याकडे, विशेषतः उत्तर भारतात, संगमावरच्या अडथळ्याचं मोठं कारण पित्ताशयाचा कॅन्सर असतो, आणि त्याचं ऑपरेशन नि भवितव्य दोन्ही वेगळे. एवढी चाळणी लावूनही काढलेल्या गाठींपैकी दहातली एखादी शेवटी कॅन्सरची निघत नाही. ही शक्यता सर्जनने आधी बोलून दाखवली पाहिजे. सही घेताना गिळलेलं वाक्य पुढे भांडणाचं कारण होतं. सीए १९-९ या कॅन्सरच्या रक्ततपासणीवर फार भरवसा नको. कावीळ आणि इन्फेक्शन दोन्हींत तो शेकड्यांनी, कधी हजारांनी वाढतो. उलट काही लोकांच्या रक्तगटातच असं असतं की तो कधी वाढतच नाही. कावीळ उतरल्यावर पुन्हा तपासलेला आकडा त्यातल्या त्यात कामाचा.

पित्त वाहू लागलं की पुढची पायरी मोजमापाची. सीटीवरून मागे राहणाऱ्या भागाचं आकारमान काढतात. निरोगी लिव्हरमध्ये एकूण आकाराच्या २५ ते ३० टक्के उरलं तरी भागतं. तुंबून गेलेल्या लिव्हरमध्ये आम्ही ४० च्या आसपास धरतो. उदाहरणादाखल, साधारण ६० किलो वजनाच्या माणसाचं लिव्हर १२०० मिली धरलं आणि डावा भाग ३८० मिली भरला, तर ते ३२ टक्के झाले. हे कमी आहे. मग उजव्या पोर्टल व्हेनमध्ये ग्लू किंवा कॉइल भरून ती बंद करतात. आतड्याकडून येणारं सगळं रक्त डावीकडे वळतं आणि तो भाग तीन-चार आठवड्यांत वाढतो. जपानमध्ये माकुउची यांनी ही युक्ती १९८० च्या दशकात याच आजारासाठी वापरली. एकूण लिव्हरच्या ८ ते १० टक्क्यांची भर पडली तर ३८० चे ४८० होतात आणि आपण ४० वर पोचतो. चार आठवड्यांनी पुन्हा सीटी करून जर डावा भाग वाढलाच नसेल, तर तीही माहितीच आहे: लिव्हर आतून कमजोर आहे आणि मोठं ऑपरेशन सोसणार नाही.

या काळात बिलिरुबिन ३ च्या खाली यायला हवं. १८ वरून तिथे यायला तीन ते सहा आठवडे लागतात. पित्त बाहेरच्या पिशवीत जात असेल तर रोज अर्धा-एक लिटरपर्यंत जातं, त्याबरोबर क्षारही. ते नाकातल्या नळीने किंवा थंड रसात मिसळून पोटात परत देणाऱ्या टीम आहेत. चव भयंकर, पण फायदा होतो. ताप आला तर पित्ताचं कल्चर करून त्याच जंतूवरचं अँटिबायोटिक, आणि इन्फेक्शन पूर्ण शमेपर्यंत ऑपरेशन पुढे. इन्फेक्शन असताना लिव्हरचा मोठा भाग काढणं हा मृत्यूचा ठळक धोका आहे.

एक गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. कावीळ म्हटलं की आपल्याकडे तेल-तूप, डाळ, अंडी सगळं बंद होतं आणि उसाचा रस नि भाकरीचा चुरा सुरू होतो. कुठल्या तरी गावचं काविळीचं औषधही येतं. ही अडथळ्याची कावीळ आहे, झाडपाल्याने नळी उघडत नाही, आणि त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. ऑपरेशनला सामोरं जायचं तर स्नायू टिकले पाहिजेत: किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. दिवसातून दोनदा चालणं. फुप्फुसांच्या व्यायामासाठी श्वास आत ओढायचं ते यंत्र. पित्त आतड्यात जात नसेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून त्याची इंजेक्शनं द्यावी लागतात.

ऑपरेशन सहा ते दहा तासांचं. बरेच सर्जन आधी दुर्बिणीने पोटात डोकावतात. पोटाच्या आतल्या अस्तरावर किंवा लिव्हरवर पसरलेले कॅन्सरचे ठिपके दिसले तर तिथेच थांबतात. पोट उघडल्यावर महाधमनीजवळच्या लसीका ग्रंथी तपासल्या जातात. तिथे रोग असेल तर लिव्हर काढून फायदा नाही. मग पित्तनलिका खाली, स्वादुपिंडाच्या वरच्या कडेशी कापतात आणि तो काप लगेच फ्रोझन सेक्शनला जातो, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच कडेवर कॅन्सर आहे का ते तपासतात. नळी वर उचलत धमनी आणि पोर्टल व्हेन भोवतालच्या चरबीतून, ग्रंथींतून सोडवून घेतात. डाव्या धमनीला धक्का लागला तर उरणाऱ्या लिव्हरचा नि नव्या जोडाचा रक्तपुरवठाच जातो. उजवी धमनी, उजवी पोर्टल फांदी आणि उजवी हेपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर) बंद करून उजवं लिव्हर काढतात. त्याबरोबर लिव्हरचा मागचा छोटा भाग, कॉडेट लोब, निघालाच पाहिजे, कारण त्याच्या बारीक नळ्या थेट संगमाजवळ उघडतात आणि रोग त्यांतून शिरतो. जपानच्या नागोयातल्या निमुरा यांच्या गटाने १९९० च्या सुमाराला हे ठासून मांडलं, आणि आता तो सर्वमान्य भाग आहे. असा रिपोर्ट असताना कुणी कॉडेट न काढता 'छोटं' ऑपरेशन सुचवत असेल तर कारण विचारा. गाठ पोर्टल व्हेनला चिकटली असेल तर तेवढा तुकडा कापून टोकं जोडतात. हे नेहमीचं झालं आहे. धमनीचं तसं करणं मात्र जोखमीचं आणि मोजक्याच ठिकाणी होतं.

डावी नळी लिव्हरबाहेर दोन-तीन सेंटिमीटर चालते, उजवी जेमतेम एक. त्यामुळे उजवं लिव्हर काढण्यात लांब, स्वच्छ कडा मिळते. किंमत म्हणजे उरणारा भाग लहान. डावीकडच्या गाठीत उलटं: उरणारा भाग मोठा, पण कडा आखूड आणि गाठीमागून जाणारी उजवी धमनी धोक्यात. वरच्या कापाचं फ्रोझन पॉझिटिव्ह आलं तर आणखी एक काप घेतात. त्यापुढे नळीच उरत नाही, तेव्हा थांबावं लागतं. शेवटी उरलेल्या दोन-तीन नळ्यांची तोंडं एकत्र शिवून, लहान आतड्याचा ५०-६० सेंटिमीटरचा फास वर आणून, बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी जोड करतात. हे टाके मोजून, सुटे घालायचे असतात. घाईत घातलेला एक टाका पुढे महिनाभर गळतो.

नंतर काय बिघडतं? सगळ्यांत भीतीचं म्हणजे लिव्हरने दगा देणं. पाचव्या दिवशी बिलिरुबिन ३ च्या वर आणि प्रोथ्रॉम्बिनची क्रिया (रक्त गोठण्याची क्षमता) ५० टक्क्यांच्या खाली, अशी दोन्ही एकत्र असतील तर परिस्थिती गंभीर आहे, हा पॅरिसमधून आलेला निकष अजून वापरात आहे. पहिल्याच दिवशी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पोर्टल व्हेन आणि धमनीत रक्त वाहतंय याची खात्री करतात, कारण तिथली गुठळी तासांत काढली तरच उपयोग. ड्रेनमधलं (पोटातला द्रव बाहेर काढायला ठेवलेल्या नळीतलं) बिलिरुबिन तिसऱ्या दिवसानंतर रक्तातल्यापेक्षा तिपटीहून जास्त म्हणजे पित्तगळती. बहुतेक वेळा ड्रेन जागेवर ठेवून ती आठवड्यांत आपोआप थांबते. पोटात पाणी, जखमेत पू, छातीत कफ हेही होतं. दोन-तीन आठवडे हॉस्पिटल धरून चाला. उत्तम केंद्रांतही या ऑपरेशनचा मृत्यूदर शेकड्यात काही आहे, आणि अननुभवी ठिकाणी दोन आकड्यांत जातो. तेव्हा 'वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि मागच्या काही वर्षांत तीन महिन्यांत किती दगावले?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

कडा स्वच्छ मिळाल्या तर पाच वर्षांनी साधारण तिसरा हिस्सा रुग्ण हयात असतात. ग्रंथींत रोग असेल तर त्याच्या निम्म्यावर येतं. ऑपरेशननंतर सहा महिने कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या देतात: शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी, अशा ८ फेऱ्या. इंग्लंडमधल्या ज्या चाचणीवर हे उभं आहे तिचा मुख्य निकाल काठावरचा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं; तरी देण्याचा कल आहे. तळहात-तळपाय सोलले, जुलाब लागले, तर डोस कमी करतात. गोळी बंद करून गप्प बसू नका, कळवा.

ऑपरेशन शक्यच नसेल, गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि ग्रंथी मोकळ्या असतील, तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पद्धतीने रेडिएशन-केमो देऊन ट्रान्सप्लांट हा एक अरुंद पण खरा मार्ग आहे. निवडक रुग्णांत पाच वर्षांचा निकाल ६५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणूनच गाठीत सुई टोचण्याआधी हा मार्ग बंद होतोय का, ते विचारा. तेही नसेल तर जेमसिटाबिन-सिस्प्लाटिन हे केमो, सोबत इम्युनोथेरपी, आणि तेव्हा धातूचा स्टेंट योग्य.

घरी गेल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी. मध्येच कधी थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळसर झाले, तर लगेच 'परत आला' असं धरू नका. आतड्याशी केलेला जोड आवळल्यानेही हेच होतं. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करून एमआरसीपी काढावी. जोडच आवळला असेल तर पोटावरून नळी घालून फुग्याने तो रुंद करता येतो.